रद्द मोसमातला गोल

नायलॉनची गाठ, पांढरी, करंगळीच्या नखाएवढी... एरवी एका हिसक्यात घट्ट बसणारी. पण खाऱ्या हवेने दोरी फुगली होती आणि आज ती बोटांतून सारखी निसटत होती. आल्रिक गोलच्या खांबाला जाळी बांधता बांधता थांबला. डावा खांब, क्लबघराकडचा. याच खांबाच्या आतून... तो स्वतःशीच हसला. रविवारची सकाळ; नारळांच्या पलीकडे समुद्र सपाट पडलेला, त्याच्याही पलीकडे व्हेनेझुएलाचे डोंगर पुसट, आणि इथे पन्नाशी उलटलेला, टॅक्सी चालवून चालवून गुडघे धरलेला एक माणूस दुपारच्या सामन्यासाठी जाळी बांधतोय, आणि मनात मात्र दुसराच सामना चालू आहे.

क्लबघराच्या भिंतीवर केझिया रंगवत होती. केझिया त्याची मुलगी. शाळेत इतिहास शिकवते, म्हणून 'सेद्रोस पेलिकन'चा इतिहास भिंतीवर लिहायचं काम क्लबने तिच्याच गळ्यात घातलेलं. बोनास गावच्या कोळ्यांनी जाळी वाळवायच्या जागेवर क्लब काढला तिथपासून प्रत्येक मोसमाची एक ओळ – किती जिंकले, किती हरले, तक्त्यात कितवे. बहुतेक वर्षी खालून दुसरे. एकदा तिसरे. एकदा चषकाच्या अंतिम सामन्यात, तिथे हरले. दुसऱ्या क्लबांचे इतिहास कसे चढत जातात. आमचा आपला भरती-ओहोटीसारखा, जिथल्या तिथे...

"डॅडी, इकडे या ना जरा."

तो गेला. केझियाचा ब्रश एका सालासमोर अडला होता. कुठलं साल ते त्याला वाचावं लागलं नाही.

"इथे काय लिहू? लीगकडे विचारलं, तर म्हणे 'अर्ध्यातून माघार, सर्व निकाल रद्द'."

"खरंच आहे ते. तेलाची विहीर आटली, पोरं कामं शोधत उत्तरेला पांगली. सामन्याला अकरा जण जमेनात."

"हो, पण रद्द म्हणजे... तुमचा गोलसुद्धा?"

त्याने मान हलवली. लहानपणी ती झोपेना, की तो तिला हाच गोल सांगायचा. लीगमध्ये त्याने मारलेला एकुलता एक. समोर 'हार्बर रोव्हर्स', त्या वर्षीचे विजेते, आणि आपण एक-शून्यने त्यांना हरवलं. पण आपले निकाल पुसले तेव्हा रोव्हर्सचा तो एकच पराभवही पुसला गेला, आणि त्यांच्या बसवर अजून त्या सालाखाली लिहिलेलं असतं – अपराजित. म्हणजे तो सामना झालाच नाही. चेंडू पायाला लागलाच नाही. मग इतकी वर्षं डाव्या पायाच्या घोट्यात जे काही जागं आहे ते काय? आणि ही पोरगी... ती तर पुराव्याशिवाय काहीच मानत नाही. तिला वाटत असेल का, की बापाने पोरीला झोपवायला एक गोष्ट रचली?

"आज रोव्हर्सच येताहेत," केझिया म्हणाली. "त्यांचा त्या वेळचा गोलकीपर पाहुणा म्हणून येतोय, रामलोगन. त्यालाच विचारते."

"कशाला उगाच म्हाताऱ्याला त्रास?"

"इतिहास आहे हा, डॅडी. दोन्हीकडून विचारावं लागतं."

दुपारपर्यंत त्याला काही सुचलं नाही. रामलोगन नाही आठवत म्हणाला तर? हो, तेच. खोटं म्हणाला तर भांडता येईल. नाही आठवत म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

बस आली. रामलोगन काठी टेकत उतरला आणि थेट कॉर्न सूपच्या टपरीवर जाऊन बसला. केझियाने वाटी त्याच्या हातात दिली आणि विचारलं.

"अपराजित?" म्हातारा फिस्कारला. "कसले डोंबलाचे अपराजित! इथेच तर हरलो. तेव्हा या मैदानात गवत कमी आणि खेकडे जास्त होते."

आल्रिकने केझियाकडे पाहिलं. ऐकलंस ना, पोरी?

"मग गोल कुणी मारला?" केझियाने बापाकडे न बघता विचारलं.

"मारला असं नाही गं. तुमच्या कुणा काटकुळ्याने फटका हाणला होता, पण तो बाहेर चालला होता. मी सोडूनच दिला होता. मध्येच आमच्याच बचावातल्या डेन्झिलच्या गुडघ्याला लागला आणि गेला आत."

टपरीवरची बाई पळीने सूप ढवळत राहिली.

"तो काटकुळा मी," आल्रिक म्हणाला.

रामलोगनने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तू? अरे राजा, मग तो काटकुळा गेला कुठे?" तो खोकला येईस्तोवर हसला. मग हात धरून त्याने आल्रिकला शेजारी बसवलं. "फटका झकास होता हो. पण बाहेर." थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "डेन्झिलला आमच्या पोरांनी फार छळलं. गल्लीत दिसला की गुडघ्यावर हात मारून दाखवायची. निकाल रद्द झाले त्या दिवशी सकाळीच आला माझ्या घरी. म्हणाला, 'बॉबी, पुसला रे, पुसला गेला.' आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून रडला. आता टोबॅगोत असतो. कलिंगडं लावतो. फुटबॉल बघत नाही."

सामना सुरू झाला. पोरं धावत होती, नारळांखाली माणसं ओरडत होती. केझिया रंगाचा डबा घेऊन आल्रिकजवळ येऊन उभी राहिली.

"डॅडी, काय लिहू? तुम्ही म्हणाल ते."

तुम्ही म्हणाल ते... एक ओळ, आणि तो सामना पुन्हा झालेला असेल; कुणीतरी टोबॅगोत डेन्झिलला फोन करून सांगेलच, सेद्रोसच्या भिंतीवर लिहिलंय म्हणून. की रेघ ओढून मोकळं व्हायचं? राग यायला हवा होता, तो येत नव्हता. चोरलं कुणी काहीच नव्हतं. एकच चेंडू दोन माणसांनी इतकी वर्षं जपला, एकाने आठवून, एकाने विसरायचा प्रयत्न करून...

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे मला."

"काय बघायचंय?"

त्याने डोळे मिटले. चेंडू निघाला, नेहमीसारखा, डाव्या पायावरून. आजवर तिथे फक्त चेंडू असायचा आणि जाळी, जणू मैदानात दुसरं कुणी नव्हतंच. आज त्याने गुडघा शोधला. दिसला नाही. असेलही. पुढचं मात्र स्वच्छ आठवत होतं – जाळी हलल्याबरोबर तो हात पसरून समुद्राकडे धावत सुटला होता, ओरडत, गोलकडे पाठ करून. त्या पाठीमागे वाळूत कुणीतरी पडलेलं असणार, तोच डेन्झिल. उंच होता की बुटका, गोरा की काळा, काहीच माहीत नव्हतं... तो धावतच होता, अजूनही धावत होता, आणि धावता धावता आज पहिल्यांदाच मागे वळून पाहायचा प्रयत्न करत होता.