तंबाखूच्या डबीतली चरबी

मी एक जुनी, पोचे पडलेली पितळी डबी आहे. मित्रांनो, भंडाऱ्याच्या एका तांबटाच्या ठोक्यांखाली माझा जन्म झाला. मला दोन तोंडे आहेत. एकात तंबाखू, दुसऱ्यात चुना. स्वभावाने मी पहिल्यापासून चुळबुळी. झाकण जरा सैल, त्यामुळे गप्प बसणे मला जमत नाही.

कोंढ्याच्या सोमाजीने मला बाजारातून उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. धानाच्या बांधीत म्हणजे भातखाचरात, बैलगाडीत, गावच्या पारावर मी त्याच्याबरोबर मिरवले. "पितळ हाये का सोनं गा?" असे कोणी विचारले की मी फुगून जाई.

एकोणऐंशी साली सोमाजीच्या छातीत कळ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, रक्तात चरबी वाढली आहे. तंबाखू सोडा, ही कॅप्सूल रोज घ्या आणि अधूनमधून रक्त तपासायला येत जा. सोमाजीने हे सारे भोळेपणाने पारावर सांगितले. झाले! त्याचा दोस्त हिरालाल म्हणाला, "सोमाजीले चरबी चढली होती गा, नागपूरले उतरवून आला." आपल्याकडे चरबी चढली म्हणजे माज आला. सारा पार खो-खो हसला. सोमाजी बिचारा काटकुळा आणि मानी माणूस. त्याला ते फार लागले.

त्याच दिवशी त्याने तंबाखू फेकली आणि कॅप्सूल माझ्या पोटात लपवल्या. तंबाखू खातो असे वाटले तरी चालेल, पण चरबीचे नाव नको. भंडाऱ्याला बाजाराला गेला की औषध तो गुपचूप दुकानातून आणी. रक्त तपासायला मात्र तो नागपूरला गेलाच नाही, कारण एसटीत कोणीतरी विचारणार, "कुठं चालला गा?"

दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या मांड्या दुखू लागल्या. दिवस धानाच्या रोवण्याचे, म्हणजे लावणीचे. चिखलात वाकून साऱ्या गावाचेच पाय दुखत होते, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. "रोवणा सरला का बरं होते," असे म्हणत त्याची बायको शकुनबाई मोहाच्या बियांचे तेल चोळून देई. रोवणा सरला. धान कापून घरी आले. पाय दुखतच राहिले. पुढे तर त्याला बसले की उठवेना, खाटेला धरून उभे राहावे लागे. माझा जीव टांगणीला लागला. रोवणा केव्हाच संपला होता, चालू होते ते फक्त माझ्या पोटातले औषध. मी खुळखुळ वाजून वाजून दमले, पण डबीचे कोण ऐकतो?

शेवटी शकुनबाईने त्याला पवनीच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "कोणतं औषध चालू आहे का?"

"काही नाही जी," सोमाजी खाली पाहत म्हणाला.

शकुनबाईने मला त्याच्या खिशातून ओढले आणि टेबलावर आपटले. "खोटं बोलून राहिले, डाक्टरसायेब. जेवण झालं का लपून तंबाखू खातेत. पाय दुखणार नाही तं काय!"

डॉक्टरांनी झाकण उघडले. कॅप्सूल टेबलभर घरंगळल्या.

"हे काय होय जी?" शकुनबाईने विचारले.

"चरबीचं औषध," सोमाजी पुटपुटला.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"वाटलं, तू पण हासशील."

शकुनबाई हसली नाही. तिने पदराने डोळे टिपले.

डॉक्टरांनी समजावले की हे औषध फार दिवस घेतले तर काहींचे स्नायू दुखतात, काहींच्या पित्ताशयात खडे होतात. म्हणूनच तपासणी असते. त्यांनी ते थांबवून दोघांना नागपूरला पाठवले. तिथे औषध बदलले. मांड्यांत जोर यायला उन्हाळा उजाडला, पण पुढच्या रोवण्याला सोमाजी बांधीत उभा होता.

एका संध्याकाळी पारावर हिरालालने हात पुढे केला. "तंबाखू काढ गा."

सोमाजीने सर्वांसमोर मला उघडले. "तंबाखू नाही. चरबीचं औषध हाये."

हिरालालने पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाला, "मलेही तेच सांगितलं हाये गा. लोक हासतीन म्हणून मी घेतलंच नाही."

मित्रांनो, मला दोन तोंडे असून एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला एकच आहे. डॉक्टरांनी विचारले की ते उघडा.