काकूंच्या हातचा घास

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे आणि माझं नाव चिमणी आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळेच हसतात. मी या घरी आले तेव्हा काकूंचा हात माझ्या पाठीपर्यंत पोचत नव्हता. "अगं बाई, ही तर चिमणीच," असं त्या थट्टेनं म्हणाल्या आणि तेच नाव कायमचं चिकटलं. माझं वय विचारू नका. दात बघून कोणीही सांगेल, पण दात दाखवायची मला हौस नाही.

काकू आणि अण्णा हे नवरा-बायको. त्यांची लॉन्ड्री आहे. पुढच्या खोलीत काकू इस्त्री करायच्या, मागच्या खोलीत भट्टीवर कपडे उकळायचे आणि त्यामागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळायच्या. अंगणाच्या कडेला माझी पत्र्याची शेड. अण्णा माझी गाडी हाकायचे. दवाखान्यांतून आणि लॉजमधून मळक्या चादरींची गाठोडी आणायची आणि धुतलेल्या घड्या पोचवायच्या, हे आमचं काम. गल्ल्या इतक्या अरुंद की टेंपो शिरतच नसे, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नका. गाठोडी उतरेपर्यंत मी न बांधता एका जागी उभी राहायचे. दवाखान्यातली आया म्हणायची, इथली माणसं ऐकत नाहीत इतकी ही ऐकते. फार सुखाचे दिवस होते ते, आणि ते असेच चालणार असं मला वाटायचं.

लॉन्ड्रीत शब्द काकूंचा चालायचा. अण्णा आपले हो ला हो करणारे. काकूंचं तोंड भट्टीपेक्षा गरम, पण जीव माझ्यावर. सकाळी इस्त्री तापेपर्यंत त्या शेडमध्ये यायच्या आणि भिजवलेल्या कोंड्याचे गोळे करून मला हातानं भरवायच्या. घरातली सगळी गाऱ्हाणी मला सांगायच्या. मी खायचे आणि ऐकायचे.

मग माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. उजेड टोचायचा. चादरींवरून परतून येणारं ऊन तर सोसवेना. थोड्या दिवसांनी आपोआप बरं वाटलं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पुन्हा झालं, पुन्हा गेलं. दर खेपेला डोळा आधी निळसर आणि मग पांढरट होत गेला. शेवटी त्या बाजूचं अंगण दिसेनासं झालं आणि डोळ्याच्या आत ठणका सुरू झाला. तो काही थांबेना.

काकूंनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तरुण माणूस होता, हुशार होता, पण कायम घाईत. त्यानं माझ्या दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, पापणीवरून अंगठा दाबून पाहिला आणि मोटारसायकलची किल्ली हातात खेळवत उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डावा डोळा गेलाय, आत दाब वाढलाय, तो रात्रंदिवस ठणकतोय, तेव्हा काढून टाकू. उजव्यातही तोच आजार सुरू झालाय. त्यात सकाळ-संध्याकाळ औषध घालायचं आणि मी मधूनमधून येऊन बघेन, म्हणजे तो वाचेल.

काकूंनी यातलं "काढून टाकू" एवढंच ऐकलं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आदल्याच वर्षी काकूंना मोतीबिंदू झाला होता. त्यांचाही डोळा असाच पांढरा दिसायचा. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि त्यांना कॉलरवरची बारीक सुरकुतीसुद्धा दिसायला लागली. तेव्हापासून डोळ्यांच्या बाबतीत काकू स्वतःला अर्ध्या डॉक्टर समजायच्या.

"माझाही डोळा पांढरा झाला होता. माझा काय काढून टाकला?" त्यांनी विचारलं.

माणसाचं वेगळं आणि घोड्याचं वेगळं, असं डॉक्टर म्हणाला. वेगळं म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही.

"दिसत नाही, हे कळलं," काकू म्हणाल्या. "पण दुखतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिनं?"

घोडं सांगत नसतं, गपगुमान सोसतं, असं तो म्हणाला. त्यावर काकूंनी बादलीतला कोंड्याचा गोळा उचलून माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला. का नाही खाणार? त्या हाताला खळीचा आणि गरम कापडाचा वास येतो. त्या हाताला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

"बघा," काकू म्हणाल्या. "दुखणारं जनावर असं खातं?"

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं आणि तो निघून गेला. त्याला पुन्हा बोलावलं नाही.

मित्रांनो, आमच्या जातीला दुखणं दाखवता येत नाही. उघड्या माळावर जो लंगडतो तोच आधी पकडला जातो, म्हणून आम्ही जन्मापासून सगळं गिळायला शिकतो. शेडमध्ये कोणी नसलं की मी डावा गाल भिंतीला टेकवून उभी राहायचे, तेवढाच गारवा. काकूंच्या चपला वाजल्या की डोकं वर करायचे. त्या घास पुढे करायच्या, मी खायचे आणि त्या समाधानानं आत जायच्या. माझा प्रत्येक घास डॉक्टरच्या विरुद्ध साक्ष देत होता. मला हे कळत होतं, आणि भूकही लागत होती.

काकूंनी कपाटातून ऑपरेशननंतर उरलेले स्वतःचे थेंब काढले आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत घातले. दोन-तीन दिवस लाली उतरली. झालं, काकूंना आभाळ ठेंगणं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, डॉक्टर डोळा काढायला निघाला होता, मी घरच्या घरी बरा केला. अण्णा एकदा हळूच म्हणाले की उजव्याचं काय ते एकदा विचारून येऊ का. काकूंनी नुसतं बघितलं आणि अण्णा गाडीला तेल घालायला गेले.

उजवा डोळा हळूहळू गेला. आधी चादरींच्या कडा गेल्या, मग दोऱ्या, मग अण्णांचा चेहरा. गल्ल्या पाठ होत्या, म्हणून काही दिवस निभावलं. मग दवाखान्याच्या वळणावर कोणीतरी नवा खांब रोवला. मी सरळ त्यावर गेले. खांदा फुटला, गाडी कलली आणि धुतलेल्या चादरी गटारात पडल्या. अण्णांनी माझ्या डोळ्यांसमोर हात हलवला. मला फक्त वारा लागला. "अगं, तुला दिसतच नाही," असं म्हणून ते रस्त्यावरच खाली बसले.

त्या दिवशी अण्णांनी जन्मात पहिल्यांदा काकूंना न विचारता एक काम केलं. ते जाऊन डॉक्टरला घेऊन आले.

या वेळी डॉक्टर बादली उपडी करून बसला आणि बराच वेळ बोलला. काकूंचा मोतीबिंदू म्हणजे नुसतं झाकण होतं, ते निघालं की दिसलं. माझा डोळा आतूनच सुजून सडत गेला होता. काकूंचे थेंब वरची लाली झाकत होते. उजवा डोळा आता परत येणार नव्हता. त्यात दाब अजून चढलेला नव्हता, पण पुढे चढू शकतो, लक्ष ठेवा, असं त्यानं सांगितलं.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा मला घाई होती," तो म्हणाला.

डावा डोळा काढला. टाक्यांची जखम भरल्यावर एका दुपारी मी खालचा ओठ सैल सोडून, एक पाय दुमडून उभ्याउभ्या झोपले. कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. काकू घास घेऊन आल्या होत्या. मला तसं झोपलेलं पाहून त्या दारातच थांबल्या. एवढे दिवस मला किती दुखत होतं ते त्यांना तेव्हा कळलं. मला त्यांचं रडणं ऐकू आलं. मला त्यांच्यावर राग धरता आला नाही, आजही येत नाही.

आता अण्णा या वयात हातगाडी ढकलतात. मी शेडमध्ये उभी असते. चादरी वाऱ्यावर वाजतात, त्यावरून ऊन असल्याचं कळतं.

मित्रांनो, डॉक्टरला जरूर प्रश्न विचारा. काकूंचा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त उत्तर मिळायच्या आधीच त्यांनी दार लावलं आणि डॉक्टरनंही ते पुन्हा वाजवलं नाही. तुमच्याकडे एखादं मुकं जनावर असेल तर ते खातंय ना, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. त्याच्याकडे नीट बघा.

काकू आता भरवताना दर घासाला विचारतात, "दुखतंय का गं?" कालपासून माझा उजवा डोळा ठणकायला लागलाय. आज सकाळीही त्यांनी गोळा पुढे धरून तेच विचारलं. हाताला खळीचा वास होता. मी घास खाल्ला.