दोन तोंडांचं बीळ

"आयतवारी हा डबा घरातून जाईन!" भैय्यालालजी गरजले. "गोदामात खरे उंदीर कमी पडले का बे, म्हनून तू टीव्हीवर पैदा करून राहिला?"

डबा म्हणजे त्यांच्या पोराचा, घनश्यामचा, कॉम्प्युटर. सत्त्याऐंशी साली अख्ख्या तुमसरात असं यंत्र कोणाच्या घरी असेल तर ते भैय्यालालजींच्या. भैय्यालालजी धानाचे व्यापारी, आणि त्यांना त्याचं कौतुक शून्य. घनश्यामनं नागपूरला कोर्स करताना एका मित्राकडून तो जुना डबा घेतला होता. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात खेळ चढवायचा. पोराचा जीव त्या डब्यात अडकला होता. आणि आता शेजारच्या राईस मिलवाल्या केशवरावांचा नागपूरचा भाचा रविवारी येऊन तो घेऊन जाणार होता.

झालं काय होतं, तर घनश्यामनं मोठ्या हौसेनं खेळ लिहिला. पडद्यावर बांधी, म्हणजे धानाचं शेत, आणि तिच्या धुऱ्यात, बांधावर, एक ते सहा आकड्यांची सहा बिळं. कुठल्याही बिळातून उंदीर तोंड काढणार आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. बोट आधीच त्या बिळाच्या आकड्याच्या बटणावर असेल तरच काठी बसायची. सगळा अंदाजाचा खेळ!

पहिला मान बापाचा. केशवरावही शेजारी खुर्ची टाकून बसले, कारण दुसऱ्याच्या घरचा तमाशा त्यांना फुकटात आवडे. भैय्यालालजींनी चौथ्या बिळावर पहिलीच काठी अशी हाणली की बटण निखळतं की काय! मग जन्मभर गोदामात उंदीर मारलेला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. चौथं सोडून बाकीच्या बिळांवर नजर ठेवली. तर उंदीर पुन्हा चौथ्यातून. ते पाचवर गेले, उंदीर पुन्हा चौथ्यातून!

"भैय्यालालजी," केशवराव पोट धरून हसत म्हणाले, "उंदरानं तुमालेच खेळवलं की हो!"

झालं. भैय्यालालजींचं नाक लाल झालं.

"हा डबा खोटा हाये! काठी बसलेल्या बिळातून उंदीर लगेच तोंड काढते का बे? इतका मूर्ख उंदीर तू पायला कुठी?"

"बाबूजी, ते रँडम हाये," घनश्याम काकुळतीला आला. "मशीन एक ते साहापर्यंत कोनताही आकडा काढते. मांगं कोनता निघाला, ते त्याले मालूम नसते. एकच आकडा लागोपाठ तीनदा येऊ शकते."

"तुह्या रँडमले लाव आग!"

आणि भाच्याला निरोप गेला.

घनश्याम माजघरात तोंड पाडून बसला, तेव्हा भैय्यालालजींची थोरली बहीण शकुनबाई तांदूळ निवडत होती. सासर सोडून माहेरी राहिलेली ही आत्याबाई म्हणजे घरातली एकमेव व्यक्ती जिच्यापुढे भैय्यालालजींचा आवाज खाली येई.

"कायले रडून राहिला? बाप काय चूक बोलला? उंदराले याद असते, तुह्या डब्याले नाही. मंग दे ना त्याले याद!"

घनश्याम ताडकन उठला. खरंच की! त्यानं खेळात दोन ओळी घातल्या. मागचा आकडा लक्षात ठेवायचा, नवा तोच निघाला तर टाकून द्यायचा आणि दुसरा मागायचा. आत्याबाईला बसवलं. उंदीर आता एका बिळातून दोनदा लागोपाठ येईना. आत्याबाई खूश, घनश्याम खूश. तो धावतच ओसरीवर गेला.

"बाबूजी, उंदीर सुधरला!"

भैय्यालालजींनी पान लावता लावता सगळं ऐकून घेतलं. चुना नखानं बरोबर केला आणि विचारलं,

"म्हंजे एकदा निघाला त्या तोंडातून लगेच निघनार नाही? कधीच नाही?"

"कधीच नाही."

"तरी मी बसनार नाही. साहा तोंडांचं बीळ असते का कुठी? बिळाले तोंडं दोन. एकातून यायचं, दुसऱ्यातून पळायचं. दोन ठेव, मंग पाहू."

घनश्यामनं दोन ठेवली. लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एक, दोन, एक, दोन, एक, दोन! अहो, दुसरं होणार तरी काय? दोनच तोंडं, आणि मागचं चालणार नाही, मग राहिलं कोणतं? मशीननं कितीही डोकं चालवलं तरी अंदाज असा उरलाच नव्हता. घड्याळाचा लंबक बरा म्हणायचा!

त्याला लाज वाटली. असा खेळ लिहिला म्हणून नागपूरच्या मास्तरांनी कान उपटले असते. पण बाबूजी जिंकतील, बाबूजी खूश होतील, डबा राहील. म्हातारा माणूस, त्याला काय कळतंय, असं म्हणून त्यानं ओठ शिवून घेतले. मनातल्या मनात मात्र तो लबाड हसला.

रविवारी केशवराव भाच्याला घेऊन हजर. भैय्यालालजी स्वच्छ धोतर नेसून टीव्हीसमोर बसले. आणि काय तो आव! डोळे बारीक काय करतील, मान काय तिरपी करतील, "हं... आता बेटा इकडून येईन," असं पुटपुटतील काय! काठीवर काठी. एकही उंदीर सुटला नाही. केशवरावांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"उठा उठा," ते घाईघाईनं म्हणाले, "मले बसू द्या!"

घनश्यामनं पुढचं ताडलं. केशवरावही सगळे मारतील, दोन मिनिटांत मेख ओळखतील, आणि बाबूजींची भरल्या घरात फजिती. मग डबा भाच्याच्याच गाडीत!

"बसा ना, केशवराव," भैय्यालालजी आरामात उठले. "पन तुमचे उंदीर मिलचे. मिलच्या उंदराले दोन तोंडं पुरतात का? घनश्याम, यायले साहा तोंडांचं लाव."

घनश्याम कॅसेट बदलायला वाकला. भैय्यालालजीही वाकले, आणि पोराच्या कानात हळूच म्हणाले, "पहिल्या दिवसाची लाव बे. याद नसलेली."

घनश्याम तसाच वाकलेला राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं डोळा मारला. जन्मात पहिल्यांदा!

केशवरावांनी दुसऱ्या बिळावर काठी हाणली आणि शहाण्या माणसासारखे तिसऱ्यावर गेले. उंदीर दुसऱ्यातून. पाचव्यावर गेले. उंदीर पुन्हा दुसऱ्यातून! आत्याबाई दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आँ! असा कोनता उंदीर हो?" केशवराव ओरडले. "हे खोटं हाये!"

भैय्यालालजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रँडम हाये, केशवराव," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमाले नाही समजनार."

भाच्यानं डब्याकडे हात नेला, तसे केशवरावच त्याच्यावर खेकसले, "ठेव खाली! मी जिंकल्याशिवाय हा डबा इथून हालत नसते!"

"बराबर बोलले," भैय्यालालजी म्हणाले. "घनश्याम, केशवराव जिंकेपर्यंत डबा घरातच राहीन."

आणि कॅसेट कोणती लावायची, ते आता पोराला सांगावं लागत नव्हतं.