पहिली वडी

यूलला जन्मून आज शंभर दिवस झाले. सासूबाईंनी सकाळीच तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या वड्या वाफायला ठेवल्या. दानबीचं मात्र एकच पालुपद चाललेलं, "आई, दोन दिवस थांबू या ना. त्यांची बोट याच आठवड्यात येईल, असं वाटतंय."

"शंभरावा दिवस आधी केलेला चालतो, उशिरा केलेला पोराला लागतो," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचाही बापाविनाच झाला. त्याचा बापही तेव्हा बोटीवरच होता. वाढलाच की ताडासारखा."

नवरा, किह्योक, बोटीवर गेला तेव्हा यूल मान धरत नव्हता. आता तो आवाजाकडे वळून खुदकन हसायचा. नौदलात बोट परतायची तारीख फोनवर सांगत नाहीत, तिनेही कधी विचारली नव्हती. पण शंभराव्याची पहिली वडी बापाने खावी, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपटी वाळत घालायला ती गच्चीवर गेली, तो खाडीच्या तोंडाशी राखाडी बोट दिसली. तोच उंच मनोरा, तीच मागची बसकी पाठ. धडधडत ती खाली आली, यूलला रेशमी झबलं चढवलं, वड्या डब्यात भरल्या.

"अगं यूलच्या आई, बोटीचा आकडा तरी बघितलास का?"

"चालीवरून ओळखते मी, आई."

"चाल बोटीची असते बाई, नवऱ्याची नसते."

धक्क्यावर बायकामुलांची गर्दी होती. बोट वळली आणि नाकाडावरचा आकडा दिसला. त्याच जातीची, पण दुसरीच. भोवतालचे हात हलू लागले. दानबीचा हात डब्यावरच राहिला.

शिडीवरून उतरलेल्यांत तरुण खलाशी सांगू होता. किह्योकच्या हाताखाली शिकलेला.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"चुकले. आमचीच वाटली."

तो टोपी हातात फिरवत राहिला. "दादांची बोट आमच्या जागी थांबलीय. म्हणून आम्हाला सोडलं. किती दिवस, ते..." मागे त्याची आई रुमाल डोळ्यांना लावून उभी होती.

"ते समुद्रात दिसले का तुम्हाला?"

"बोटी जवळून गेल्या. सगळे कठड्याशी उभे होते, सलाम करत. पांढऱ्या टोप्यांत कोण कुठला, कळत नाही, वहिनी."

दानबीने डबा उघडला. वाफ अजून होती.

"पोराचा शंभरावा आहे. शंभर जणांनी वड्या खाल्ल्या की पोराचं आयुष्य वाढतं म्हणतात. घ्या, पहिली तुम्हीच."

"पण पहिली तर दादांची..."

"ते तुमच्या जागी उभे आहेत ना? मग तुम्ही त्यांच्या जागी खा."

सांगूने वडी उचलली. एवढासा तुकडा तोडून तो चघळत राहिला. यूल त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"सावकाश," दानबी म्हणाली, "मला घाई नाही."