डेलभाऊचा डबा

आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. हे माझ्या बायकोनं, लतानं, शेजारच्या डेलला शिकवलं. त्या पठ्ठ्यानं ते असं धरलं की विचारू नका. वरणभाताचा डबा गेला की सफरचंदं घालून यायचा. कधी अक्रोड, कधी नुसत्या पेपरमिंटच्या गोळ्या. पण रिकामा कधी नाही.

आम्ही दोघं अमेरिकेत हर्नडनला मुलाकडं, शार्दूलकडं राहतो. मी जन्मभर ट्रक चालवला, आणि डेल बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायचा. एकदा शार्दूलच्या गाडीचं बॉनेट उघडून मी वाकलो होतो, तो येऊन शेजारी वाकला, झाली दोस्ती. माझं इंग्लिश चार शब्दांचं. इंजिनाला तेवढं पुरतं.

त्याच्या लॉनवर एक पाटी होती. नोकऱ्या आमच्या माणसांना, व्हिसे बंद करा. शार्दूल व्हिसावरच आहे. रोज ऑफिसला निघताना ती पाटी बघून त्याचं डोकं फिरायचं.

"बाबा, तो माणूस आपल्याला हाकलायचं म्हणतोय आणि आई त्याला डबे पाठवते!"

"त्याची म्हातारी अंथरुणाला खिळलीय," लता म्हणायची. "तिला माझा मऊ भात उतरतो. पाटीचं तुम्ही बघा."

मी एकदा डेललाच विचारलं, हे माझ्या पोराबद्दल आहे काय? त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. माझं नाव तोडून तो मला जॅग म्हणतो. "नो, जॅग. यू आर डिफरंट." बरं वाटलं. मग घरी येईपर्यंत बरं वाटेना. नाक्यावर एकाची गाडी सोडली म्हणजे रस्ता उघडा झाला, असं नसतं.

तरी माणूस वाईट नव्हता हो. जेवायच्या आधी हात जोडायचा. आईला वृद्धाश्रमात टाकलं नाही. मुलगी लग्नाशिवाय एका पोराबरोबर राहायला गेली म्हणून तिचं नाव घेत नव्हता. ह्यात मला अमेरिका दिसली नाही, माझा थोरला भाऊ दिसला.

मार्चमध्ये म्हातारी गेली. डेल स्वतः सांगायला आला. लताला म्हणाला, तिनं शेवटचा घास तुझ्या हातचा खाल्ला, तू चर्चमध्ये यायला पाहिजेस. शार्दूल आला नाही. आम्ही दोघं गेलो. लतानं पांढरी साडी नेसली, वर माझा स्वेटर घातला.

प्रार्थना झाली, गाणी झाली, मग सगळे उठून रांगेत लागले. पुढं फादर एकेकाच्या हातावर पातळ पांढरी चकती ठेवत होते. लतानं मला कोपरानं ढोसलं.

"अहो, प्रसाद आहे. चला."

"आपल्याला चालतो का?"

"देवाच्या दारात असं विचारतात होय?"

माझा गुडघा धरला होता, मी बसून राहिलो. ती गेली. उजवा हात पुढं केला, चकती घेतली, कपाळाला लावली. नात केया घरी तापानं फणफणली होती. मग लतानं काय करावं? आमच्या बायका जे करतात तेच. चकती पदराच्या टोकात ठेवली आणि गाठ मारली.

टाय घातलेला एक धिप्पाड माणूस तिच्या आडवा आला. मोठ्यानं बोलायला लागला. अख्खं चर्च तिकडंच बघतंय. मी लंगडत पुढं गेलो.

लता मराठीतच सांगत होती, "नातीसाठी नेतेय, नातीसाठी."

फादर रांग सोडून आले. ते शांतपणे बोलले. हा देवाचा देह आहे, आमच्यातल्याच माणसांनी घ्यायचा, इथंच तोंडात घालायचा, बाहेर न्यायचा नाही. मला एवढं कळलं. लताला मी सांगितलं. तिला पदराची गाठ सुटेना. मीच सोडवली. फादरनी ती चकती स्वतःच्या तोंडात ठेवली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात तो टायवाला बोलला, "ह्या लोकांना आत घेतलं की हे असं होतं." इंग्लिशमध्ये बोलला, पण तेवढं इंग्लिश मला येतं.

मी डेलकडं बघितलं. तो पहिल्या बाकावर होता, चार हातांवर. त्याला नक्की ऐकू गेलं. आता तरी म्हणेल, म्हटलं, ही वेगळी आहे रे. नुसतं तेवढंच म्हण. तो बुटांकडं बघत राहिला.

घरी मी शार्दूलला झालेलं सांगितलं, ते ऐकून केयानं विचारलं, "आजोबा, इज डेल मॅड अॅट आजी?"

"झोप तू," म्हटलं.

आठवडाभरानं दार उघडलं तर पायरीवर डबा. बेल वाजवली नव्हती. मी उचलला आणि हातालाच कळलं. स्वच्छ घासलेला, कोरडा पुसलेला, रिकामा.

लता वरती होती. मी फ्रीज उघडला, हाताला लागले ते दोन चिकू डब्यात टाकले आणि हाक मारली, "अगं, डेलभाऊचा डबा आलाय."

तिनं झाकण काढलं. चिकू हातात घेऊन दाबून बघितला.

"ह्याच्याकडं चिकू कुठून आले हो?" म्हणाली. "हे मी रविवारी इंडियन स्टोअरमधून आणलेत."

तिनं चिकू परत फ्रीजमध्ये ठेवले आणि तांदूळ धुवायला घेतले.

"आता कशाला?" मी म्हणालो. "म्हातारी गेली."

"तो जेवतो ना?"

डबा घेऊन मी गेलो. पाटी तिथंच होती. डेलनं दार उघडलं, दाढी वाढलेली, जाळीचं दार मात्र बंदच ठेवलं.

"ती ते नेऊन काय करणार होती, जॅग?"

"केया. फीवर," मी म्हणालो. "गॉड गिव्ह. केया ईट. गुड."

"ती माझी आई होती," म्हणाला. "तिच्यासाठीची चर्चमधली शेवटची प्रार्थना होती ती."

"येस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणू? मलाही विचारायचं होतं, तू का गप्प बसलास म्हणून. चार शब्दांत ते बसेना.

त्यानं जाळी उघडली, डबा घेतला, दार लावून घेतलं.

डबा अजून परत आलेला नाही. पायरीवर खुट्ट झालं की लता भाजी चिरायची थांबते. मी म्हणतो, कुरियरवाला असेल.