तिसऱ्यांदा पडलेला हात

आमच्या धंद्यात मार खोटा असतो आणि घाम खरा. लोकांना हे ठाऊक असतं, तरी तिकीट काढून येतात आणि घसा बसेपर्यंत ओरडतात. मी पंच. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून दोन पैलवानांच्या मध्ये लुडबुडणारा आणि नेमकी लबाडी चालली असताना पाठ फिरवणारा माणूस. गावोगाव खेळ करणाऱ्या आमच्या कुस्तीच्या कंपनीत मला ‘थोरले पंच’ म्हणतात, कारण धाकटेही आहेत. ते माझे जावई. लेकीसाठी हे स्थळ मीच शोधलं, पोराला रिंगमध्ये उभं राहायला मीच शिकवलं, आणि या दोन्ही गोष्टींची मिरवणूक मी गावभर काढली होती.

झोपेचा डाव म्हणून एक प्रकार असतो. पैलवान मागून गळ्याभोवती हात आवळतो, पुढचा तडफडतो आणि निपचित पडतो. मग पंचाने त्याचा हात उचलायचा आणि सोडून द्यायचा. पडला. पुन्हा उचलायचा. पडला. तिसऱ्यांदाही पडला तर कुस्ती संपली. पण तो लोकांचा लाडका असेल तर तिसऱ्यांदा हात वरच राहतो आणि सभागृह डोक्यावर घेतलं जातं. बाकीच्या कंपन्यांचे पंच पिशवी उचलावी तसा हात उचलतात. मी मनगटाखाली फक्त दोन बोटं घालतो, अंगठा लांब ठेवतो आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळवतो, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही बोटं लोंबताना दिसतात. माझी सगळी कला एवढीच. हसायचं असेल तर हसा.

त्या दुपारी आम्ही रंगपटात बसलो होतो. कवटीचा मुखवटा घालणारा आमचा पैलवान, ज्याला सगळे कवटीच म्हणतात, मनगटांना पट्ट्या गुंडाळत होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. वर्षभर वेगवेगळ्या गावांत एकट्यादुकट्या बायकांचे गळे आवळून खून होत होते, आणि आता त्यातली एक बाई वाचली होती. लाँड्री चालवणारी. चेहरा झाकून ती बोलत होती.

“त्याने मागून धरलं. मी बेशुद्ध पडले, पण मध्येच शुद्ध आली. तो माझा हात उचलून सोडत होता. नाडी नव्हता बघत. मनगटाखाली दोनच बोटं होती. तळवा बाहेर वळवायचा, जसं काही कुणाला दाखवायचंय. तीन वेळा. मी भीतीने हात पडू दिला. मग तो गेला.”

कवटीच्या हातातली पट्टी सुटून जमिनीवर घरंगळत गेली. खोलीतले सगळे पैलवान माझ्याकडे बघायला लागले.

“थोरले,” कवटी चाचरत म्हणाला, “हे तर तुमचं...”

“माझं काय?” मी खेकसलो. “टीव्हीवर कुणीही काहीही बरळतं!”

कंपनीच्या मालकांनी उठून टीव्ही बंद केला. पण गावांची नावं सगळ्यांनी ऐकली होती. प्रत्येक गावात आमचा मुक्काम झाला होता. खरं सांगतो, पहिली भीती स्वतःचीच वाटली. ही मंडळी मला खुनी समजतायत! रागाने कानशिलं तापली. मी नव्हतो, हे मला माहीत होतं. मग दुसरं कोण? हात असा उचलायला मी जगात एकाच माणसाला शिकवलं होतं. माझा जावई. तो दारात उभा राहून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, “बाबा, मनावर घेऊ नका हो. लोक काय, बोलतात.”

मी उठलो तो थेट शिवणाच्या खोलीत गेलो. माझी लेक कंपनीचे कपडे शिवते. तोंडात टाचण्या धरून ती कुणाच्या तरी लाल चड्डीला चमकी लावत होती.

“आज माझ्याकडे राहायला ये,” मी म्हणालो.

“का? बरं नाही का तुम्हाला?”

“बरंय. सहजच. कंटाळा येतो एकट्याला.”

तिने टाचण्या काढून माझ्याकडे पाहिलं. आईवर गेलेले डोळे, काही लपवू देत नाहीत. “बाबा, काय झालंय?”

जिभेवर आलं होतं. पण माझी चूक होत असेल तर? एका बाईच्या दोन वाक्यांवरून मी माझ्या हाताने मांडलेला संसार माझ्याच हाताने मोडणार? आणि ती जाऊन त्याला विचारेल, म्हणेल, बाबा असं असं म्हणतायत, मग? तेवढ्यात जावईबापू मागून आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघायचं का म्हणाले. तिने ओवलेली सुई कापडात खोचली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी तिथेच उभा होतो, आणि ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

सकाळी ती दिसली तेव्हा कुठे जिवात जीव आला. रिंगचे दोर ताणायचं काम चालू होतं, आणि त्याच वेळी आमच्या मुक्कामांची यादी घेऊन एक पोलीसबाई आल्या. बरोबर दोन शिपाई आणि टीव्हीवरच्या त्या लाँड्रीवाल्या बाई होत्या. गळ्याभोवतीचे निळे वळ अजून उतरले नव्हते.

“हे कोर्टात चालणार नाही,” पोलीसबाई म्हणाल्या, “पण मला कळायला पुरेल.”

बाईंना खुर्चीवर बसवलं. डोळ्यांवर रुमाल बांधला. आम्ही सगळ्यांनी एकेक करून पुढे जायचं, त्यांचा उजवा हात उचलायचा आणि सोडायचा. बोलायचं नाही. शिवणाच्या खोलीच्या दारात माझी लेक उभी होती.

पैलवान गेले. कवटीला तर हात लावताना रडूच फुटलं. बाई प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत होत्या. मग जावई पुढे झाला. त्याने मनगट मुठीत धरलं, पिशवी उचलावी तसा हात उचलला आणि टाकून दिला. बाईंनी मान हलवली. हा नाही.

इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही असा हात धरला नव्हता. आता शंका उरली नाही.

माझी पाळी आली. मीही मुठीत धरू शकत होतो. सुटलो असतो, आणि तोही सुटला असता, माझ्या मुलीला गाडीत घालून पुढच्या गावाला गेला असता. मी वाकलो. मनगटाखाली दोन बोटं घातली. अंगठा लांब ठेवला. तळवा बाहेर वळवला आणि सोडला.

बाई खुर्चीसकट मागे कोसळल्या. “हाच! हाच आहे!” त्या किंचाळल्या.

दोघा शिपायांनी मला धरलं.

“मी नाही!” मी ओरडलो. “ही पद्धत माझी आहे, पण मी ती एकालाच शिकवलीय! त्याला विचारा! त्याने आत्ता मुद्दाम वेगळा हात धरला!”

“जावयावर ढकलतोय,” मालक पुटपुटले. ज्या माणसांच्या तोंडांवर मी आयुष्यभर पाणी मारलं, त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

“बाबांची तब्येत बरी नाही, मॅडम,” जावई हळूच म्हणाला. “कालपासून विचित्र वागतायत. हिला विचारा ना.” आणि दाराकडे वळून त्याने लेकीला हाक मारली, “सांग ग.”

ती आली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही, ती सरळ पोलीसबाईंपुढे जाऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते.

“हे माझा हात उचलतात,” ती म्हणाली. “मला झोप लागली असं वाटलं की. दोन बोटांनी. तीनदा उचलतात आणि सोडतात. लग्न झाल्यापासून.”

“अगं, गंमत असते ती,” जावई हसला.

“मी जागी असते,” ती म्हणाली. “रोज जागी असते. हात पडू देते. एकदा गंमत म्हणून तिसऱ्यांदा वर धरून ठेवला होता. तेव्हा ह्यांचा चेहरा बघितला. परत कधी नाही धरला.”

तो हसायचा थांबला. पोलीसबाईंनी मान वळवून खूण केली आणि शिपायांचे हात माझ्या दंडावरून सुटून त्याच्या दंडावर गेले. त्याने झटापट केली नाही. जाताना दोरांखालून वाकून गेला, मी शिकवलं होतं तसाच, पाठ सरळ ठेवून.

लाँड्रीवाल्या बाईंना कुणीतरी पाणी दिलं. मी लेकीजवळ गेलो. तिला पोटाशी धरावं, रडावं, काहीतरी करावं असं फार वाटत होतं. तिने हात पुढे करून मला थांबवलं.

“बाबा, तुम्हाला कालच कळलं होतं ना? म्हणून राहायला ये म्हणत होतात?”

“हो,” मी म्हणालो.

“मग फाटकापर्यंत सोडायला का आलात?”

ती वाट बघत उभी राहिली.