तेलाचा तवंग

मुरलीधरने जपानमध्ये जे करून ठेवलं, ते फक्त आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकतं.

तो दुबईत एका जपानी एसी कंपनीत सर्व्हिस मॅनेजर. तिकडे समुद्रकाठच्या मरीना भागात टॉवर भराभर उठत होते आणि प्रत्येक टॉवरमधला बंद एसी शेवटी ह्याच्याच फोनवर येऊन आदळायचा. फोन उशाशी घेऊन झोपायची इतकी सवय, की धड झोप म्हणजे काय हेच तो विसरला होता. त्यात त्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते वाढलं नाही तर व्हिसा जाणार आणि बारावीतल्या मुलीला, मिहिकाला, परीक्षेच्या तोंडावर उचलून पुण्याला न्यावं लागणार. सगळं ब्रँचचे प्रमुख ओकाबेसाहेब यांच्या सहीवर अडलेलं, आणि नेमकं त्यांच्याचबरोबर ट्रेनिंगला जपानला जायचं आलं, तेही ऐन दिवाळीत.

बायकोने, स्मिताने, बॅगेत तेलाची बाटली घातली आणि नरकचतुर्दशीची आंघोळ चुकवू नकोस म्हणून बजावलं. त्याच दिवशी साहेब सगळ्यांना डोंगरातल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात घेऊन गेले. तिथे म्हणे अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता चारचौघांत कुंडात उतरायचं. मुरलीधर लाजून अर्धा झाला. उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, हे साहेबांनी नीट समजावलं होतं. त्याने धुतलं. पण ते बुटकं स्टूल, समोर वाफाळतं पाणी आणि घरचा सण! त्याला पाट आठवला. धुतलेल्या अंगाला त्याने डोक्यापासून पायापर्यंत मनोभावे तेल चोळलं आणि खुशाल कुंडात उतरला.

पाण्यावर तवंग पसरला. दोन म्हातारे उठून गेले. ह्याला त्याचा पत्ताच नाही. कडेच्या दगडावर मान टेकून ह्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा कुंडात तो एकटाच, आणि दाराशी टॉवेल गुंडाळलेले ओकाबेसाहेब स्नानगृहाच्या मालकापुढे कमरेत वाकून उभे. मागे ब्रश घेतलेली माणसं. अख्खं कुंड उपसून घासावं लागलं. साहेब त्याला अवाक्षर बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. स्मिता आधी हसली, मग मिहिकाच्या परीक्षेच्या तारखा पाहू लागली. मिहिकाने एवढंच विचारलं, "सो बाबा, आर वी लीव्हिंग?"

दुबईतल्या अल क्वोज भागातल्या ऑफिसात गुणवंत नावाचा अकाउंटंट त्याला धीर देत होता, म्हणजे 'इन्शाल्ला' म्हणून मान हलवत होता. शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मुरलीधरने बसायच्या आधीच तेलाची माफी मागितली.

साहेबांनी सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकवलं आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तेलाची माफी मी तेव्हाच मागितली होती. मग मी तुमच्या झोपेसाठी वाकलो. स्नानगृहवाल्यांना लगेच कुंड उपसायचं होतं. मी म्हटलं, हा माणूस झोपलाय, थोडं थांबा. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं."

मुरलीधरला आनंद व्हायला हवा होता. त्याला रडू आलं. आपण इतके दमलोय हे परक्या माणसाला दिसलं, आणि आपल्याला कुणी सांगेपर्यंत कळलं नाही. तेवढ्यात फोन वाजला, मरीनातून. "यल्ला, निघालोच," म्हणून तो डोळे पुसत जिना उतरला.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, त्याने स्वतःच पाट मांडला. दिवाळी केव्हाच झाली, असं स्मिता म्हणाली. असू दे, तो म्हणाला, पाठीला तेल लाव. साहेबांचं बोलणं त्याने तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ती तेल चोळू लागली. पाठ अर्धी झाली नसेल, तोच त्याची मान भिंतीला टेकली आणि श्वास संथ झाला. बादलीतलं पाणी निवत चाललं.

आतून मिहिका वाजणारा फोन घेऊन आली. "मॉम, इट्स बाबाज ऑफिस."

स्मिताचा तेलकट हात त्याच्या पाठीवर तसाच होता.

"तूच घे," ती हळू आवाजात म्हणाली. "सांग, झोपलेत. थोडं थांबा म्हणावं."